फेअरली गुडची जिलेबी

प्रिय बाबा,

काल मारोतीकाका आले होते. राईस मिलमध्ये जन्मभर तुमच्यासोबत राबलेला माणूस, चहा पिता पिता सहज एक गोष्ट बोलून गेला. तेव्हापासून मला तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे. तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, आता विचारू तरी कुठे? म्हणून हे पत्र.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी आठवीत होते. प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे बाईंनी 'फेअरली गुड' लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "गुड त समजलं. हे फेअरली म्हंजे का वं?" मी बेधडक सांगितलं, "म्हणजे खूपच. गुडच्याही वर." दुसऱ्या दिवशी तुम्ही मिलमध्ये जिलेबी वाटून आलात. मी ती खाल्ली नाही, पोट दुखतंय म्हणाले. आठवतं?

बरं, तेवढ्यावर सोडायचं की नाही? तुम्ही तो शब्दच उचललात. धान आलं की दाणा दाताखाली धरायचा आणि तिथूनच सांगायचं, "फेअरली सुका हाय, घ्या." मी डबा घेऊन यायचे आणि ते ऐकून शरमेने मरायचे. वाटायचं, माझं खोटं अख्ख्या मिलभर फिरतंय.

पण फार वाळलेलं धान तुम्हाला कधी आवडलं होतं? त्याची तर भरडताना कणी होते. ओलं नको, कडक नको, मधलंच हवं. हे रोज बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही?

पुढे मी साकोलीत इंग्रजीची बाई झाले. हाच शब्द फळ्यावर लिहून सांगते, 'थोडं'च्या वर, 'खूप'च्या खाली. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा बाबांना खरं सांगू. नाही सांगितलं. त्याचं मला वाईट वाटतं, बाबा.

आणि काल काका म्हणाले, "त्याले तवाच समजलं होतं. मुनीमजीले इचारलं त्यानं. बऱ्यापैकी, असं मुनीमजी बोलले. मी म्हटलं, मंग जिलेबी कायले वाटून राहिला गा? त म्हणे, आमच्या घरात बऱ्यापैकी तरी कोन शिकलं आजवर?"

मला का नाही बोललात? एक शब्द रागावला असतात तर? की मी स्वतःहून सांगेन म्हणून वाट बघत होतात? तसं असेल तर फार वाट बघायला लावली मी.

उद्या प्रगतिपुस्तकं भरायची आहेत. एका मुलीपुढे हाच शब्द लिहावा लागेल, तिचे वडील वीटभट्टीवर असतात. त्यांना अर्थ मी स्वतः सांगेन, खराखुरा. पण 'बऱ्यापैकी'च्या आधी 'फक्त' कधी लावणार नाही. आणि भट्टीवर त्यांना भेटायला जाताना जिलेबी नेईन. या वेळी मीही खाईन.

जय भीम.

तुमची फेअरली गुड,
माया