डोंगरावरून निस्तोरला हाक

बुधवार, २३ फेब्रुवारी

निस्तोर परत नाहीच म्हणाला! त्याच्या झामफिराची यमकं ऐकून मास्तरीणबाईंनी शहरातल्या मुलींच्या शाळेत तिची सोय लावून दिलीय — राहणं, जेवण, सगळं फुकट. हवा फक्त बापाचा होकार, तोही ईस्टरच्या उपासाचा पहिला आठवडा संपायच्या आत. मी तिचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला ह्याच हातांत होती. म्हणून गेलो. निस्तोरने आलुबुखाराची दारू ओतली, माझ्या हाताला ओठ लावले.

"तुमचा शब्द डोक्यावर, धर्मबाबा. पण पोर घरातच राहील. यमकं जुळवून गाय दूध देते का?"

झामफिरा दाराशीच होती. "देते! मी रोज गाणं म्हणूनच धार काढते. विचारा तिला!"

बारा वर्षांची पोर, पण जीभ बघा! बायको गेल्यापासून निस्तोर हसलेला मी पाहिला नाही. आज मिशी जरा हलल्यासारखी वाटली.

शुक्रवार, २५

दिवसभर मक्याचं दळण, घरोघरच्या मामालिगेच्या लापशीसाठी. गुडघा ठणकतोय. निस्तोरला कसं वळवावं, सुचत नाही.

मंगळवार, १ मार्च

झामफिराने सकाळीच येऊन मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. वसंत आला म्हणायचा! मग हळूच सांगितलं — रविवारी डोंगरावरून ओरडायची यमकं पोरांनी यंदा तिच्याकडून करून घेतलीत. उपासाच्या आदल्या संध्याकाळी पोरं दोन टेकड्यांवर चढतात आणि एकेकाची खोड गावभर ओरडतात. नाव निघालं त्याने रागवायचं नाही. नाही निघालं तो वर्षभर रुसलेला!

"बापावर रचलंस?"

"हो."

"जपून गं. भर गावात त्याला चिमटा काढलास तर शाळा विसर."

"तुमच्यावर पण आहे, धर्मबाबा!" — आणि पळाली.

माझी बायको रवेका चुलीपाशी हसत होती. "तुमच्या खोड्या ओरडायच्या तर पोरांचे घसे बसतील!"

रविवार, ६ मार्च

सगळं गाव अंगणात. टेकड्यांवर जाळ पेटले. एका टेकडीवरून हाक — "कोणाला, रे?" दुसरीवरून — "गिरणीवाल्या इरिमियेला!" म्हणजे मलाच!

"नाकावर चष्मा, पुस्तकात मान,
गिरणीत उंदीर झाले पैलवान!"

रवेका पदराने डोळे पुसतेय — हसून हसून!

मग — "कोणाला, रे?" "निस्तोरला!" शेजारच्या अंगणात निस्तोर हाताची घडी घालून उभा. त्याचा कंजूषपणा गावाला ठाऊक; आता तोच निघणार, म्हणून लोक आधीच खिदळायला लागले.

"निस्तोरची चूल, निस्तोरची गाय,
पोर गेली शाळेला, बोलायला कोण हाय?
एकाच ताटलीत मामालिगा निवेल,
कडी वाजली की बाप धावेल!"

कोणी हसलं नाही. म्हणजे ह्या माणसाला गाईची नाही, रिकाम्या घराची भीती! मी इतके दिवस शाळेचे फायदे सांगत बसलो — आणि पोरीने बापाच्या पोटातलं ओळखलं. निस्तोरने टोपी काढली. कोणाकडे न बघता आत गेला.

"बिघडलं," रवेका म्हणाली.

सोमवार, ७

निस्तोरचं दार बंद. झामफिरा विहिरीवर भेटली, डोळे सुजलेले. "रागावले नाहीत. बोलतच नाहीत. धर्मबाबा, मी नको होतं ना करायला?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बुधवार, ९

निस्तोर गिरणीवर आला. खांद्यावर पोतं नाही. उंबऱ्यात टोपी चुरगाळत उभा.

"पोर शहरातून पत्रं लिहील. ती काय मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू? — पहिलं अक्षर कोणतं ते दाखवा, धर्मबाबा."