बावीस मुलींची पोटदुखी

सोमवार

ती. रामेश्वरमामा,

अंजूचा नमस्कार. अंकुशनगरला तुमची कंबर कशी आहे? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसभर बसून ती धरते असं आई म्हणते. आम्ही इकडे सुखरूप आहोत. फक्त शाळेत विषबाधा झाली. ती कोणालाच झाली नव्हती, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. (फोन केला असता, पण घरातला एकमेव फोन बापूंच्या खिशात असतो, आणि मी बोलताना बापू शेजारी उभे असतात.)

आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुलं क्रिकेट खेळतात आणि मुली मैदानातले खडे वेचतात. (मुलांना लागू नयेत म्हणून.) सातवीपर्यंत आम्ही वेचले. आठवीत माझ्या मैत्रिणीने, प्रीतीने, शोध लावला. ती राधेश्याम सरांसमोर मान खाली घालून म्हणाली, "सर, पोट दुखतंय." सरांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "जा जा, जल्दी घरी जा." कशाने दुखतंय ते विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. मासिक पाळी. (शब्द लिहिला आहे, मामा. पत्र खाली ठेवू नका.) पुढे हे औषध सगळ्या मुलींना लागू पडलं. कोणाला महिन्यातून तीनदा; छकुलीला अजून एकदाही आलेली नाही, तिला चारदा. सरांना मोजता आलं असतं, पण मोजायला आधी शब्द उच्चारावा लागतो. घरी कोणीच जात नव्हतं. कालव्यापलीकडच्या पडीक रानात आम्ही क्रिकेट खेळत होतो. तिथलेही खडे आम्हीच वेचले, पण ते वेचताना कंबर दुखली नाही.

गेल्या मंगळवारी पलीकडच्या गावच्या मुलींशी मॅच ठरली. अकरा जणी खेळायला, अकरा ओरडायला. त्यामुळे दुपारची खिचडी झाल्याबरोबर बावीस पोटं एकदम दुखली. सरांनी रजिस्टरमध्ये बावीस वेळा 'पोटदुखी' लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कसली पोटदुखी? सर म्हणाले, "पोटाची." मग रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत मुलांना खबरदारी म्हणून मिठाचं पाणी पाजलं. मुलं ओकली. मुलं ओकली म्हणून विषबाधा सिद्ध झाली. गाडीने शोधत शोधत आम्हाला रानात गाठलं तेव्हा प्रीती चौदावर खेळत होती आणि जिंकायला चार रन हवे होते. गाडीत चढताना ती ड्रायव्हरला म्हणाली, "काका, एक ओव्हर थांबा ना." पोरगी तापात बरळून राह्यली, असं ते डॉक्टरांना सांगत होते.

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण शाळेची खिचडी शिजवते ती प्रीतीची आई, नंदाबाई. चौकशी होईपर्यंत त्यांनी चुलीला हात लावायचा नाही असं ठरलं. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या भावजयीचा त्या कामासाठी अर्ज दुसऱ्याच दिवशी आला. त्यावर तारीख आदल्या आठवड्याची. शिवाय नंदाबाईंच्या वस्तीतल्या हातची खिचडी गावातल्या काही घरांना पहिल्यापासून पचत नव्हती. तसं बोलता येत नव्हतं. आता त्यांना डॉक्टरी कारण मिळालं. (त्यात आपलंही घर आहे. बापू म्हणाले, "मी म्हणतच होतो." मी विचारलं, काय म्हणत होता? बापूही भिंतीकडे बघायला लागले.)

प्रीती बुधवारी एकटी ऑफिसात गेली आणि खरं ते सांगितलं, शब्दासकट. मुख्याध्यापक म्हणाले, आईला वाचवायला पोरगी काहीही बोलते. मी दारात उभी होते. आत गेले नाही. ती बाहेर आली.

"तुझं काय जातंय गं? तुझ्या बापाची मेंढरं हायेत. माझ्या मायची चूल इझली."

"मंग मी काय करू?"

"आत यायला पाय न्हाईत का तुला?"

चौथीपासून आम्ही एका बाकावर बसतो. गुरुवारपासून तिने मध्ये दप्तर ठेवलं आहे. बाकीच्या वीस जणींची पोटं आता खरोखर दुखतात. त्या शाळेतच येत नाहीत.

शेवटी शनिवारी मी लिहून दिलं: खिचडी चांगली होती, आम्ही पाळीचं खोटं कारण सांगून खेळायला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कागद दोन बोटांत धरला. म्हणाले, पालकाची सही आण. आईची नको, विषय गंभीर आहे, पुरुषमाणसाची आण. बापूंनी तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं आणि कागद आईला दिला. आईने तो पिठाच्या डब्याखाली सारला. "असलं कुठं लिहितेत का, बये?" येत्या शनिवारी समितीची बैठक आहे. सहीचा कागद पोचला नाही तर नंदाबाईंचं काम गेलंच. आपल्या नात्यातले सर्वांत धीट पुरुष तुम्ही आहात, असं तुम्हीच प्रत्येक लग्नात सांगता. तरी येऊन सही करावी.

कंबरेला शेक द्या. लहानांना पापा, मामीच्या पाया पडते.

तुमची भाची,
अंजू

ता. क. सहीसाठी येऊ नका. एवढं लिहून झाल्यावर कागद डब्याखालून काढून तुमची सही मीच केली आणि आज सकाळी देऊनही टाकला. 'रा' तुमच्यापेक्षा चांगला आला आहे.

दुसरा ता. क. सहीखाली तुमचा नंबर लिहिला आहे. मुख्याध्यापक शुक्रवारी फोन करतील आणि कागदात काय आहे ते विचारतील. 'पोरींचं आपलं ते' म्हणून भागणार नाही. शब्द दोन अक्षरांचा आहे. आज जेवताना एकदा मोठ्याने म्हणून बघा.

तिसरा ता. क. प्रीतीने आत्ताच हे पत्र वाचलं. (दप्तर मध्येच आहे, पण त्यावर कोपर टेकून वाचलं.) ती म्हणते, "तुझ्या मामाला जमायचं न्हाई, बिलकुल." तसं असेल तर फोन मामीकडे द्या. आवाज तेवढा जाड काढायला सांगा.