लोखंडीची आठवी लेव्हल

दि. ३ फेब्रुवारी

चि. मुंगी हिस,
अ. उ. आ.

तुझी ड्यूटी आता दिवसाची झाली असेल. फोन करा असं तू दोनदा लिहिलंस, पण फोनवर मला हो आणि बरं यांच्यापुढे काही सुचत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र. माझी तब्येत ठीक. जेवणाचं जमतं. कुकरचं झाकण तेवढं अजून उलटं बसतं.

एक विचारायचं आहे. हिला, तुझ्या ताईला, जाऊन चार महिने झाले. काल हिचा खण आवरायला घेतला. त्यात तुमच्या रविवारच्या खेळाचं जाड पुस्तक, वीस बाजूंचा फासा आणि खेळातल्या हिच्या माणसाचा कागद निघाला. तुम्ही सगळे दर रविवारी चार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचात आणि मी आतल्या खोलीत पेपर वाचायचो. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. हिने बोलावलं नाही असं नाही. मी म्हणायचो, बघू.

परवा वाचनालयात ग्रंथपालबाई भेटल्या. गोष्ट त्या सांगतात, आणि आपापल्या माणसाने त्यात काय करायचं ते बाकीचे ठरवतात, एवढं मला कळलं आहे. त्या म्हणाल्या, ऑक्टोबरपासून खेळ बंद आहे. सगळे एका पुलाच्या दरवाजापाशी अडकलेत आणि पुढे उभं राहायला कुणी नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्या पुस्तकावर शिक्का मारला. पुढे उभं राहणारा हवा असेल तर तो मी तयार करू शकेन, असं वाटतं. रविवार फार लांबतो.

हिचा कागद मात्र मला पटत नाही. लोखंडी (हेच नाव ना?) सातव्या लेव्हलला आहे, पण या सात तीन ठिकाणी वाटल्या आहेत. चार फायटरच्या, एक कुलपं उघडणाऱ्या चोराची, दोन जखमा बऱ्या करणाऱ्या हीलरच्या. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की फायटरची पाचवी झाली की एका पाळीत दोन वार करता येतात. ही नेमकी चारवर थांबून दुसरीकडे वळली. एका पायरीसाठी निम्मा मार घालवला. आकड्यांत चुकणारी बाई नव्हती ही. समासात बारीक अक्षरात 'डॉ. येईपर्यंत', 'च. ला आधी' असं काहीतरी लिहिलं आहे, त्याचाही अर्थ लागत नाही. चांगला फायटर कसा बांधायचा ते सवडीने कळव.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझे भाऊजी


दि. ११ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी एक्स-रेच्या खोलीत वाचलं आणि एकटीच हसले. बाहेरच्या पेशंटला वाटलं, त्याच्या हाडातच काहीतरी गमतीचं दिसलं. रांगेत कुणी मध्ये घुसला तर त्याला सरकून जागा करून देणारे तुम्ही, आणि निघालात फायटर व्हायला!

तर ऐका. फायटरची पाचवी होईपर्यंत इकडेतिकडे बघायचं नाही. मगच दुसरा क्लास, म्हणजे दुसरा पेशा, आणि तोही असा की पहिल्या एक-दोन पायऱ्यांतच काही हाती लागेल. रानटी लढवय्याच्या दोन घेतल्या की तो चिडला म्हणजे अंगावरचा घाव निम्माच लागतो. पाच आणि दोन. याहून भक्कम माणूस सातव्या लेव्हलला बांधता येत नाही. फक्त त्याला दर लढाईत चिडावं लागतं. तुमचं कसं होणार?

पण ताईला हे कळत नव्हतं असं समजू नका. मला हे तिनेच शिकवलं. चौथी झाली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई आईच्या आजारपणामुळे यायच्या थांबल्या. कुलपं त्यांचा माणूस उघडायचा. सगळे एका तळघरात अडकले, म्हणून ताईने स्वतःची पाचवी बाजूला ठेवून चोराची एक घेतली. 'डॉ. येईपर्यंत' म्हणजे ते. त्या सात महिन्यांनी आल्या. आता ताई फायटरकडे वळणार, तर माझी इकडे बदली झाली. हीलर मी होते. पुढच्या दोन्ही तिने हीलरच्या घेतल्या. मी पत्रातून ओरडले, अगं वेडे, दुसरा वार कधी घेणार? तिने लिहिलं, इथे मार खाणारे जास्त आहेत, मारणारी मी एकटी पुरे.

'च.' म्हणजे आपले चष्मेवाले. ते जादूगार. त्यांच्या माणसात जीव चिमटीभर, आणि लागलं तरी सांगायचे नाहीत. म्हणून त्यांना आधी बरं करायचं.

तेव्हा तो कागद चुकलेला नाही, भाऊजी. टेबलावरून जो जो उठला त्याची जागा तिने भरली, ती अशी. तुम्ही फायटर जरूर बांधा, पण वेगळ्या कागदावर. हा माझ्यासाठी जपून ठेवा. मी येईन तेव्हा मला तो बघायचा आहे.

तब्येतीची हेळसांड नको. आठवण ठेवता तशीच ठेवा.
मुंगी


दि. १३ फेब्रुवारी

चि. मुंगी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण काम झालं. पुस्तक तीनदा वाचलं. पाच फायटर आणि दोन रानटी, असं माझ्या हिशेबाने सगळ्यात पक्कं बसतं. तू तपासून सांग.

नवा छापील कागद नव्हता, म्हणून हिचाच वापरला. जुने आकडे, समासातल्या खुणा, सगळं खोडून कोरं केलं आणि नव्याने भरलं. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी नळांचे नकाशे काढले. चुकलेली रेघ खोडायची तर वर पातळ पत्रा ठेवून, शेजारच्या रेघेला धक्का न लावता, कागदाचा पापुद्रा न उचलता. मी खोडलेलं उजेडात धरलं तरी दिसत नाही, असं साहेब नव्या मुलांना दाखवायचे. लोखंडी आता स्वच्छ दिसते. दर पाळीला दोन वार. हिला आवडलं असतं.

बाकी सर्व ठीक. लोभ असू दे.
तुझे भाऊजी

ता. क. दि. १५. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, तेवढ्यात तुझं पत्र आलं. कागद खिडकीशी धरून पाहिला. मग दिव्याखाली तिरका धरून पाहिला. काही दिसत नाही. वर लिहिलेलं तसंच ठेवतो. आणखी खोडाखोड नको.


दि. ४ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर मिळालं. उत्तर मुद्दाम दिलं नाही. राग आला होता.

तुमच्याबद्दलची प्रत्येक तक्रार मी आजवर ताईकडे केली. भाऊजी माझ्या लग्नात कोपऱ्यात बसून राहिले, भाऊजींनी माझ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, असं सगळं. ती म्हणायची, अगं, त्याच्या मनात असतं, बाहेर यायला वेळ लागतो. आता ही तक्रार कुणाकडे करू, ते दोन आठवडे कळलं नाही. म्हणून तुमच्याकडेच करते. तुम्ही फार वाईट केलंत. मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे. तरी केलंत.

आता एक करा. त्या तिघांना तुम्ही स्वतः बोलवा. ते तुमच्या बोलावण्याची वाट बघताहेत आणि तुम्ही त्यांच्या. तुमचं 'बघू' लोकांना 'नाही' असं ऐकू येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, तर मी सांगते.

पत्र लिहा. मोठं लिहा.
मुंगी


दि. १९ मार्च

चि. मुंगी हिस,
अ. उ. आ.

तुझी तक्रार पोचली. ती बरोबर आहे.

तिघांना चिठ्ठ्या लिहिल्या आणि हाताने नेऊन दिल्या. रविवारी ते आले. पावणेचारलाच आले आणि जिन्यात थांबले, चार वाजल्यावर बेल वाजवली. मी कुठे बसावं हे कुणी बोलेना. चष्मेवाले तर मी बसेपर्यंत उभेच. शेवटी मी हिच्या खुर्चीवर बसलो. तिथून खिडकी दिसते, हे मला माहीत नव्हतं. माझी जेवायची जागा समोरची, भिंतीकडे तोंड करून.

खेळ सुरू झाला. पुलाच्या दरवाजावर दोन राक्षस पहाऱ्याला होते. माझी पाळी आली की ग्रंथपालबाई विचारायच्या, लोखंडी काय करते? मी म्हणायचो, चिडते. हे म्हणताना मला फार अवघडायला झालं, पण पुस्तकाप्रमाणे तसं जाहीर करावं लागतं. मग दोन वार. तिसऱ्या पाळीत पहिला राक्षस पडला. आजवर इतका मोठा प्राणी इतक्या लवकर कधी पडला नव्हता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला बरं वाटलं.

त्यानंतर दुसऱ्या राक्षसाने दगड फेकला तो जादूगाराला लागला. चष्मेवाल्यांनी फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं असणार, कारण लगेच त्यांनी नजर आपल्या कागदावर नेली. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. त्यांना द्यायला त्यात काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या माणसाच्या पिशवीतली औषधाची शेवटची बाटली काढली, तेव्हा ते वाचले.

दरवाजा उघडला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पूर्वी आठ-आठ वाजायचे तुम्हाला उठायला. हे सहाला उठले. पुन्हा या म्हणायला मी उठलो, तोवर ते जिन्यात होते. चार कप धुतले. आणखी एखादं पत्र लिहीत जाशील तर बरं होईल.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझे भाऊजी


दि. २७ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

इतकं मोठं पत्र तुमच्याकडून आलं, हे मी आमच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. असो.

ते सहाला उठले कारण त्यांनाही ती खुर्ची सहन झाली नसेल. तुमच्यामुळे नव्हे. त्यांना पुन्हा बोलवा. दर वेळी चिठ्ठी नको, तोंडी चालतं.

आठवी लेव्हल आली की तुम्ही फायटरची सहावी घेणार, मला ठाऊक आहे. पुस्तक तेच सांगेल. मी सांगते, हीलरची पहिली घ्या. फायटरचा माणूस यामुळे मागे पडतो, सहावीची सगळी मजा लांबते, आणि रागात असताना उपचार करता येत नाही, त्यामुळे तुमच्या रानटीच्या दोन पायऱ्याही अर्ध्या वाया. हिशेबाने ही चूक आहे. तरी घ्या.

पण एक ध्यानात ठेवा. वार लांबूनही करता येतो, उपचार नाही. ज्याला लागलं त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागतं. आणि दुसऱ्याचा कागद आपल्याला दिसत नाही. कुणात किती जीव उरला हे ज्याचं त्यालाच माहीत. म्हणून आधी विचारावं लागतं, एकेकाला, मोठ्यानं. तुम्हाला सगळ्यात अवघड तेच जाणार आहे.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.
मुंगी


दि. ६ मे

चि. मुंगी हिस,
अ. उ. आ.

उशीर झाला, कारण आठवी लेव्हल यायला पाच रविवार लागले. पाचही रविवारी ते आले. एकदा चष्मेवाल्यांना त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून निघायला उशीर झाला, तर त्यांनी वाटेतून फोन केला. मी फोनवर म्हणालो, थांबतो आम्ही. एवढंच, पण हो आणि बरं सोडून.

हीलरची पहिली घेतली. ग्रंथपालबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? सहावी सोडल्याचं तुम्हाला पुढे जाणवेल. मी म्हटलं, मुंगीने सांगितलं आहे. त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तुझी आठवण काढली. तुझे फासे नेहमी टेबलाखाली जायचे म्हणे.

काल नदीकाठी लढाई झाली. मी चिडलो नाही. पुढेही फार गेलो नाही. लढाई संपल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, आता विसावा. आता मला एकेकाला विचारायचं होतं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा विचारावं लागलं. चष्मेवाले म्हणाले, काही विशेष नाही. मी म्हटलं, आकडा सांगा. त्यांनी चार सांगितला. माझा माणूस त्यांच्या माणसाशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यांना अकरा परत मिळाले. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांना थोडं खरचटलं होतं, तेही भरून दिलं. तेवढ्यात माझे उपचार संपले. पहिल्या लेव्हलला दोनदाच करता येतात.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आणि तुम्हाला किती लागलंय? त्या दिवसभर न बोलणाऱ्या जनावरांना हेच विचारतात, त्यामुळे त्यांना उत्तराची घाई नव्हती.

लोखंडीला काल एकही घाव बसला नव्हता. आकडा पुरा होता. मी म्हणालो, बरंच लागलंय.

माझा कागद कुणी बघायला मागितला नाही. चष्मेवाल्यांनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. लोभ आहे, तो माणूस समोर असताना जास्त असतो, असं आता वाटतं.
तुझे भाऊजी