बाबांच्या जमिनीवर दोन सह्या

प्रिय ल्युशस,

बाबांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेलं घर बिल्डरला विकू या, असं तू फोनवर म्हणालास. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

काल चर्चमध्ये आपल्या काळ्या लोकांच्या वस्तीच्या ट्रस्टची बैठक होती; वस्तीतली जमीन बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून काढलेला तो ट्रस्ट. मिस इमोजिन म्हणाल्या, "घर तुमचंच राहील. जमीन मात्र ट्रस्टच्या नावे करायची, म्हणजे ती सगळ्या वस्तीची. ती तुम्ही नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने घ्यायची."

"म्हणजे बाबांचीच जमीन मी भाड्याने घ्यायची?"

"घे गं. मग तुझा शिकागोचा साहेब भाऊ ती विकू शकणार नाही."

सगळे हसले. मीही हसले, पण डोक्यात काही शिरलं नाही. जमीन राखायची म्हणून देऊन टाकायची? बाबा तर सांगायचे, जमिनीच्या कुठल्याच कागदावर सही करू नका. पण हा कागद पुढे करणाऱ्या बाईंनीच आपल्याला वाचायला शिकवलं.

मी तो कागद घरी आणून त्यावर सही केली. तुझ्या नावासमोर तुझीही केली, तुझ्यासारखंच शेवटचं अक्षर लांबवून. आज कागद नेऊन दिला, तेव्हा मिस इमोजिननी विचारलं, "भाऊ आला होता वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

हे तुला कळवायचं आहे की विचारायचं, तेच मला ठरवता येत नाही. म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही.

तुझी बहीण,
व्हर्डेल