मधपेटीला कळवलेलं निधन

आदरणीय झोफ्कावहिनी,

फ्लोर्यानचा इथून त्रिएस्तपर्यंत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडची समुद्राची हवा मानवत असेल, अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे. (या शब्दाखाली रेघ मुद्दाम मारली आहे, कारण पुढे येईल.)

जाताना तुम्ही परसातली दादाची मधपेटी माझ्यावर सोपवलीत, आणि सप्टेंबरअखेर आत पुरेसा साठा झाला नाही तर हिवाळ्यात माश्या उपाशी मरतील, हे तीनदा बजावलंत. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं आहे. दिलेला माल दिलेल्या पत्त्यावर पोचवायचा, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. माश्यांना पाजायच्या पाकासाठी दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी, झाकणाला भोकं, आणि ती पेटीच्या माथ्यावरच्या छिद्रावर उपडी. भोकं मी खिळ्याने पाडली. (सुईने पाडायची असतात, हे नंतर कळलं.) पाक धो धो आत उतरला, माश्यांना आंघोळ घालून दारातून बाहेर आला, आणि भर दुपारी गावातल्या यच्चयावत गांधीलमाश्या जेवायला हजर झाल्या. मी दीड तास कोंबड्यांच्या खुराड्यात बसून होतो. कोंबड्या माणुसकीने वागल्या.

दुसरी बरणी नीट बसली, पण माश्या पाकाला तोंड लावेनात. असे आठ दिवस गेले. दुरून ऐकलं तर आत गुणगुण चाललेली असायची. मी जवळ गेलो की सगळ्या एकदम गप्प. शेजारच्या नेझाकाकू कुंपणावर रेलून हे बघत होत्या. "अरे फ्लोर्यान, तुझा दादा इझिदोर गेल्याचं यांना सांगितलं का कुणी?"

"काकू, मातीला अख्खं गाव होतं."

"गाव होतं, या नव्हत्या. घरातल्या माणसाने पेटीवर तीनदा ठोठावून, नाव घेऊन सांगायचं असतं, तुमचा धनी वारला म्हणून. तुझ्या आईने नाही का सांगितलं, तुझा बाप गेला तेव्हा? नाहीतर त्या वाट बघत बसतात, बाबा. घास उतरेल का त्यांना?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (म्हणून मी फक्त काळा कोट आणि टाय एवढंच घातलं.) तीनदा ठोठावलं. आत चिडीचूप. "तुमचा धनी," मी म्हणालो, आणि पुढे दादाचं नाव तोंडातून निघेना. वहिनी, तो गेला हे मी अजून कुणापुढेच म्हटलेलं नाही. 'जूनमधलं ते' एवढंच म्हणतो. पण आत सगळ्या खोळंबल्या होत्या, कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. मी म्हणून गेलो, "तुमचा धनी फ्लोर्यान वारला."

आतून एक लांबच लांब हुंकार आला. संध्याकाळपर्यंत बरणी चाटूनपुसून रिकामी.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे, किरकोळ बाबी सोडल्या तर. मी वाटेत उभा असलो तर माश्या वळसा घालत नाहीत, चावतही नाहीत; सरळ येऊन छातीवर आदळतात आणि चक्रावतात. सोमवारी नेझाकाकूंना दोनदा हाक मारली. त्यांनी माझ्या आरपार बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि कपडे वाळत घालत राहिल्या. काल दुपारी बरणी भरायला गेलो तर ती भरलेलीच होती. झाकणाला भोकं सुईची. पाकाला कॅमोमाइलच्या फुलांच्या काढ्याचा वास. मी तो काढा घालत नाही. पाकात तो कोण घालायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

काळजी नसावी. लेकीला आशीर्वाद.

तुमचा दीर,
फ्लोर्यान

ता. क. साठा भरपूर झाला आहे. माश्या हिवाळा काढतील.

आणखी ता. क. शनिवारच्या बसने या. पेटीला खरं काय ते सांगायला घरातलंच माणूस लागतं. मी आज पुन्हा कोट घालून गेलो, ठोठावलंही. पण बरणी आजही भरलेली होती, अजून कोमट होती, आणि दादाचं नाव घेऊन ते वाक्य म्हटलं तर उद्या ती रिकामी असेल.

शेवटची ता. क. शनिवारी नको. त्याच्या पुढच्या शनिवारी या. आठवडाभर मी वारलेला असलो तरी कुणाचं काही अडत नाही.