रुळाकडच्या खोलीत सुपारी फुटली

चिंचवड,
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. निरंजन,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत. तू आणि स्वप्नाली बरे असाल. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण. डब्यांचं काम जोरात चाललंय. चाकणच्या कंपन्यांतली नवी पोरं लागली आहेत, त्यांना घरच्यासारखी भाकरी हवी असते, त्यामुळे सकाळी थापता थापता हात भरून येतात.

पत्र बघून हसशील. पिंपळे सौदागर काही सातासमुद्रापार नाही. इतक्या जवळ राहणाऱ्या लेकाला कुणी पत्र लिहितं का? पण फोनवर आपलं बोलणं होतं कुठे? मी मुद्द्यावर येते, तेवढ्यात खिडकीखालून गाडी जाते, आणि तू म्हणतोस, "आई, आवाज येतोय, नंतर बोलू." तुझं ते नंतर अजून उजाडायचं आहे. कागदावर गाडीचा आवाज येत नाही, म्हणून लिहायला बसले. पिंकीच्याच हाती देणार होते, पण तुझी बहीण म्हणाली, "मी नेणार नाही, तिथे गेले तर भांडून येईन." मग टपालात टाकते आहे.

तर बातमी ही, की पिंकीचं लग्न ठरलं. गेल्या रविवारी सुपारी फुटली. आणि ती फुटली आपल्याच घरात, चौथ्या मजल्यावर, रुळाकडच्या खोलीत.

लगेच रागाने घडी घालून ठेवू नकोस. तू म्हणाला होतास, "आई, बैठक माझ्या फ्लॅटवर ठेव. पुनर्वसनातलं घर दाखवू नकोस. एकदा लग्न झालं की मग कळू दे त्यांना." मी नाही म्हटलं. तू म्हणालास, मग मी येणार नाही. आणि आला नाहीस. शब्दाचा पक्का आहेस, आण्णांवर गेला आहेस. ते असते आणि असंच म्हणाले असते, तर मी त्यांनाही नाहीच म्हटलं असतं.

मी नाही का म्हटलं, ते तू ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक. पिंकी याच खोलीत रांगली, याच जिन्यावर पडून तिचा पुढचा दात गेला, इथूनच ती डिप्लोमा झाली आणि आज कंपनीत क्वालिटी बघते. तिला दुसरीकडे नेऊन बसवायची आणि ठिकाण लपवून द्यायची? ती काय डागी आंबा आहे, बरी बाजू वर करून ठेवायला? आणि नवऱ्यामुलापासून, गणराजपासून, काय लपणार होतं? तो थेरगावचा, पिंकीच्याच कंपनीतला. कंपनीची बस पिंकीला रोज आपल्या गेटसमोर सोडते, ते तो खिडकीतून बघतोच की.

धास्ती होती ती त्याच्या चुलत आजोबांची. चिमाजी त्यांचं नाव. मावळातले जुने गावकरी. त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं, की रुळाकडची वस्ती आहे, माणसं बघून घ्या. म्हणून ते स्वतः यायचे होते. त्यांनी मान हलवली असती तर गणराजचं काही चाललं नसतं, आणि पिंकी दुसऱ्या कुणाला हो म्हणाली नसती. एवढं सगळं त्या एका सकाळवर होतं.

पण काय सांगू तुला, आपला मजला कसा उभा राहिला! लिफ्ट बंद, म्हणून सगळ्या बायकांनी मिळून तळापासून जिना धुतला. कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्स आहेत ना, त्या रोशनबीने एकेक करून पुसल्या. तिच्या नौशादबरोबर तुम्हा दोघांना एका ताटात भरवणारी ती रोशनबी. ती काय मागे राहणार? ईदला काढते ते कप तिने आणून दिले आणि वर दम दिला, "यशोदा, एक जरी फुटला ना, तर व्याह्यांकडून भरून घेईन." नौशादने गॅरेज बंद ठेवलं आणि खालच्या सगळ्या दुचाक्या एका ओळीत लावल्या. खुर्च्या तीन घरांतल्या होत्या, तीन रंगांच्या. मी म्हटलं, असू देत. तीन घरं आपली आहेत, हेच दिसेल ना त्यातून.

पाहुणे आले. चिमाजीआजोबा चार मजले चढून आले, कुठे टेकलेसुद्धा नाहीत. आल्या आल्या खिडकीत गेले, रुळांकडे बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. आण्णांच्या फोटोपाशी थांबून विचारलं, "ह्ये काय करत व्हते?" मी सांगितलं, भोसरीत फाउंड्रीत होते. बार्शीकडून आलो तेव्हा इथे पत्र्याच्या खोल्या होत्या. पुढे पालिकेवाले लांब कुठेतरी घरं देतो म्हणाले, तेव्हा वस्तीने एका तोंडाने सांगितलं, स्टेशन सोडून जाणार नाही. इमारत होईपर्यंत संक्रमण शिबिरात दिवस काढले, पण घर घेतलं ते इथेच. हे सांगताना माझा आवाज चढला असेल. पिंकीने मागून पदर ओढला.

आतून पोह्यांच्या बश्या आल्या. सगळ्यांनी खाल्लं. मग आजोबांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "घर बी बगितलं, मानसं बी बगितली. आता पोरीच्या तोंडनं ऐकू द्या. पोरी, गणराज तुला पसंत हाय का? कुनाचं दडपन न्हाई ना?"

पिंकीने मान वर केली, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

मी गप्प. रोशनबी गप्प. गॅलरीत दाटीने उभ्या असलेल्या बायका गप्प. खालच्या मजल्यावरची भांडी वाजायची थांबली. तुला सांगायला नको काय झालं होतं ते. आपल्या पायांना जमिनीतून कळलं होतं, गाडी येते आहे. आपल्याकडे गाडी यायच्या आधी बोलणं थांबतं आणि ती गेली की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होतं. लहानपणी तुमची भांडणंसुद्धा अशीच चालायची. पिंकीची अर्धी शिवी तोंडात अडकायची, आणि शेवटचा डबा गेला की उरलेली अर्धी तुझ्या अंगावर यायची.

पण पाहुण्यांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांना अजून काही ऐकूच येत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलीला पसंती विचारली आणि सगळ्या घराची दातखीळ बसली. गणराजचा चेहरा पडला. त्याची आई माझ्याकडे बघायला लागली. आजोबांच्या कपाळाची शीर तटतटली. आणि मग गाडी आली. तीही कसली, मालगाडी. मारुतीचं शेपूट परवडलं. डब्यांमागून डबे, संपता संपेनात. आजोबा उठले. ओठ हललेले दिसले, "चला" म्हणाले असावेत. मी दोन्ही हात हलवून थांबा थांबा करते आहे, तर त्यांना वाटलं मी निरोप देते आहे. त्यांनी उलट नमस्कार केला! पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ते बघून त्यांचा संशय आणखी पक्का झालेला. रोशनबीने काय केलं असेल? आजोबांची चप्पल पायाने कपाटाखाली सारली आणि स्वतः उंबऱ्यात बसली.

शेवटचा डबा गेला. पिंकी बिचारी मालगाडीच्या वर आवाज काढायला छाती भरून तयार होती, तोवर गाडी निघून गेली. "आहे! पसंत आहे! मलाच पसंत आहे!" हे समोरच्या इमारतीपर्यंत गेलं. तिथल्या गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली. खालून टाळ्या. पोरगी लाजून जी आत पळाली ती बराच वेळ बाहेर येईना.

आजोबा उंबऱ्यापाशी तसेच उभे. रोशनबी म्हणाली, "आजोबा, आमच्याकडं गाडी बोलायला लागली की माणसं गप बसतात. गैरसमज नका करू."

त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा गॅलरीतल्या बायकांकडे, आणि असे हसले की फेटा सुटायचा बाकी राहिला. "आरं तिच्या! म्या म्हनलं, पोर न्हाई म्हनती आन् समदी दाबून ठिवत्यात." मग परत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ज्या घरात समदी एका टायमाला गप बसत्यात, त्या घरात भांडान टिकायचं न्हाई. सुपारी आना."

निरंजन, त्या वेळी मला आण्णांची फार आठवण आली. ज्या गाडीचा आवाज आला की तू फोन ठेवतोस, तिनेच तुझ्या बहिणीचं घर बांधलं म्हणायचं.

आता पुढचं. सुपारी हातात घेऊन आजोबांनी विचारलं, "पोरीचा भाव कुटं दिसंना?" मी सांगितलं, कंपनीच्या कामाला बंगळूरला गेलाय. ते म्हणाले, "लग्नाला तर यील न्हवं?" मी म्हटलं, येणार म्हणजे काय, एकुलता एक भाऊ आहे. हातात सुपारी आणि तोंडात खोटं. आयुष्यात बरंच काही सोसलं, पण असं कधी केलं नव्हतं. तुझ्यासाठी केलं.

आणि माझं ते खोटं ऐकत आतल्या दारात एकजण उभी होती. पोहे कुणी केले ते मी मुद्दाम लिहिलं नाही. स्वप्नालीने केले. ती सकाळी रिक्षाने आली, खाली नौशादला मजला विचारून. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि सुनेला सासरचा मजला विचारावा लागला. म्हणाली, "नणंदेची बैठक आहे, मी आले." त्यावरून तुला तिला काही बोलायचं असेल तर आधी मला फोन कर, आणि गाडी आली तरी ठेवू नकोस.

पाहुणे गेल्यावर ती घरभर फिरली. मला विचारलं, "आई, निरंजन अभ्यासाला कुठे बसायचा?" मी गॅलरीतला कोपरा दाखवला. आत आण्णा रात्रपाळीहून येऊन झोपलेले असायचे, म्हणून तू बाहेर बसायचास, आणि रोशनबी तिच्या दारावरचा दिवा तुझ्यासाठी चालू ठेवायची. स्वप्नाली तिथे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मला तर सांगितलं होतं की तो होस्टेलला राहायचा."

मी काहीच बोलले नाही. आणि तेव्हा गाडीही येत नव्हती.

मला वाईट वाटलं, निरंजन. सरळ सांगते, फार वाईट वाटलं. तुझ्या लग्नात तू आम्हाला परस्पर हॉलवर बोलावलंस, सोयऱ्यांना कधी इकडे आणलं नाहीस, तेव्हा मी म्हटलं, पोराच्या अडचणी असतील. पण होस्टेल! बरं, तसं बघितलं तर खोटं तरी काय त्यात? तुझ्या परीक्षेला अख्ख्या मजल्याचे टीव्ही बंद असायचे. डबा माझा, दिवा रोशनबीचा, सायकल नौशादची, आणि निकाल लागला तेव्हा पेढे खालच्या मजल्यावरच्या वाण्याने वाटले. एवढं मोठं होस्टेल कुणाला मिळतं? ते तुला सांगायला लाज वाटते, आणि मला ते कुणाला सांगू आणि कुणाला नको असं होतं. आपल्या दोघांत एवढाच फरक आहे.

लग्न सात डिसेंबरला, रविवारी. हॉल बघितला नाही. दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव घालायचा आहे. हे चिमाजीआजोबांनीच सुचवलं. भटजींना सांगून ठेवलंय, गाडी आली की मंगलाष्टक थांबवायचं, अक्षता हातातच धरायच्या, आणि गेली की पुढची ओळ. ते म्हणाले, इतकी वर्षं लग्नं लावतो, असलं काही ऐकलं नाही. मी म्हटलं, मग या वेळी ऐका.

राहता राहिली कानपिळी. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. माझ्या शब्दाचं काय होईल ते मला माहीत नव्हतं, म्हणून परवा मी नौशादला विचारलं. तो हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. म्हणाला, "करतो की काकू, पिंकी माझी बहीणच आहे. पण निरंजन दिसला ना, की मी बाजूला होणार. तो मान त्याचा आहे."

मी त्याला सांगितलं, अजिबात बाजूला व्हायचं नाही. जो बैठकीला होता त्याने मांडवातून का हलायचं? आणि देवाने गणराजला कान दोन दिले आहेत.

उजवा मी नौशादला देऊन टाकला आहे. तो आता कुणी मागायचा नाही. डावा मोकळा आहे.

तुझी,
चौथ्या मजल्यावरची
आई