देवी काय नेसली होती?

प्रिय नले,

तू जाऊन आठ महिने झाले आणि मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. समोरासमोर दारं असलेल्या बायकांना पत्रं कशाला लागतात? तीस वर्षं मुलुंडच्या या तिसऱ्या मजल्यावर आपली दारं दिवसभर उघडी असायची. आता तुझं बंद असतं. म्हणून हे जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. तुझ्यासाठीसुद्धा नवी वही आणली नाही, रागावू नकोस.

रागावलेली खरं तर मी आहे. आणि नुसता राग असता तर तो देवासमोर बसून घालवला असता. मला हेवा वाटतो गं. तुझा तर वाटतोच, पण त्याहून जास्त मंदाचा. तू होतीस तेव्हा चहाच्या घोटाबरोबर तो गिळून टाकता यायचा. आता कुठे ठेवू?

आपलं भजनी मंडळ दरवर्षी दिवाळीनंतर देवदर्शनाच्या सहलीला जातं. तू चौदा वेळा गेलीस. मी एकदाही नाही! आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग यांचं दुखणं. पण त्याच्याही आधी तुझं ते वाक्य होतं. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर म्हणालीस, "सुलभाला प्रवास मानवत नाही, तिचं नाव घालूच नका." का? टिटवाळ्याला जाताना टेम्पोत एकदा मला उलटी झाली म्हणून? एका उलटीवरून तू मला जन्मभर घरी बसवलंस, नले. आणि मीही बसले. मला वाटलं, नलू म्हणते म्हणजे तसंच असेल.

सहलीत तुझ्या खोलीत कायम बी विंगची मंदा. परत आल्यावर तुमचे फोटो. गॉगल लावलेली तू! ऊस खाणारी तू! बसमध्ये तू गातेस हे मला मंदाकडून कळलं. माझ्यासमोर तीस वर्षांत भजनापलीकडे एक ओळ गुणगुणली नाहीस. आणि कॉफी? माझ्याकडे साखर कमी घातलेला चहा पिणारी बाई तिकडे मंदाबरोबर दोन दोन कप कॉफी प्यायची म्हणे. मी तुझी घरातली मैत्रीण, आणि ती बाहेरची. बाहेरची नलू जास्त मजेची होती, हे मला दिसत होतं गं. फोटोत सगळं दिसतं.

माझ्या वाट्याला काय यायचं? तुझ्याबरोबर पाठवलेला नमस्कार. "माझ्या नावाने डोकं टेक हो," असं मी दर वेळी म्हणायचे, आणि आलीस की चप्पल काढायच्या आत विचारायचे, "देवी काय नेसली होती गं?" तू सोफ्यावर पाय वर घेऊन सांगायचीस. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, पहाटे चारला काकड आरती, नाश्त्याच्या आधी तीन देवळं, रांगेत आपला पहिला नंबर! मी ते ऐकून देवघरात जाऊन पुन्हा हात जोडायचे. माझं दर्शन झालेलं असायचं.

यंदा सहलीचं काम तुझ्या सुनेने हातात घेतलं. पूर्वा हुशार आहे, तुझ्यावर गेलेली नाही. ती म्हणाली, "काकू, दर वर्षी बसमध्ये भांडणं का होतात? कुणाला काय आवडतं ते आधी कुणी विचारतच नाही. आधी प्रत्येकीने आपण कशा प्रवासी आहोत ते ओळखायचं. मग ठिकाणं ठरवू, मग खोल्या." तिने मोबाइलवर एक फॉर्म केलाय. माझ्याकडून भरून घ्यायला सोमवारी दुपारी येऊन बसली.

"सकाळी लवकर उठता की आरामात?"

"चारला. काकड आरती चुकवत नाही."

"एका दिवसात किती ठिकाणं झेपतात?"

"नाश्त्याच्या आधी तीन देवळं."

"रांगेचा कंटाळा येतो?"

"छे! रांगेत माझा पहिला नंबर असतो."

"असतो?" पूर्वाने मोबाइल खाली ठेवला. "काकू, तुम्ही कधी गेला होतात?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

"ही आईंची उत्तरं आहेत," ती म्हणाली. "त्या असंच सांगायच्या. तुमचं सांगा ना, तुम्हाला काय आवडतं?"

नले, एकसष्ट वर्षांची बाई मी. यांना भाजीत मीठ किती लागतं, मुलीला कुठल्या कुशीवर झोप येते, तुला किती साखर लागते, सगळं मला ठाऊक. आणि मला काय आवडतं ते त्या पोरीला सांगता येईना!

तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "फॉर्म राहू दे. कुठेतरी एक दिवस जाऊन या, मग भरा. रविवारपर्यंत वेळ आहे."

बुधवारी ती पुन्हा आली. हातात एक पुडकं होतं. "काकू, आईंच्या कपाटात साड्यांच्या खाली सापडलं. यावर तुमचं अक्षर आहे."

हिरवा खण, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ इतका वाळलेला की हलवला तर आत गोटा वाजतो. माझीच गाठ. आणि माझीच चिठ्ठी, 'सौ. सुलभाकडून अंबाबाईला.'

आठवतं ना? यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तू कोल्हापूरला निघाली होतीस. ही ओटी मी स्वतः तुझ्या हातात दिली होती. परत आलीस ती थेट हॉस्पिटलमध्ये. "भरली गं ओटी. देवी जांभळं नेसली होती, मोतिया काठ. जा, यांना काही होत नाही." ते मी यांच्या कानात सांगितलं, ऑपरेशनला नेताना. हे बरे झाले. नऊ वर्षं मी भेटेल त्याला सांगत आले की त्या ओटीने तारलं. आणि ओटी तुझ्या साड्यांखाली!

दोन दिवस मी तुझ्या दाराकडे बघितलं नाही.

शुक्रवारी वज्रेश्वरीला गेले. पूर्वाने मंडळात विचारल्यावर माझ्याबरोबर यायला तयार झाली ती एकटी मंदा. देवाची करणी, दुसरं काय! ठाण्याहून एसटीत बसलो. मी आल्याचा तुकडा दाढेत धरला होता. उलटी झाली नाही. ऐकतेस ना? झाली नाही!

पायऱ्यांपासूनच रांग. मंदा म्हणाली, "सुलभाताई, शुक्रवार आहे, तास-दीड तास जाईल हो. तुम्ही बसा सावलीत, मी येते पुढे जाऊन." मी म्हटलं, मी उभी राहणार.

आणि काय सांगू तुला! माझ्या पुढे भिवंडीची एक सून होती, तिची सासू रुसून लेकीकडे गेलेली. मागे परीक्षेला बसलेली मुलगी, पायऱ्या चढता चढता पाठांतर करणारी. एकीने तान्हं बाळ सरळ माझ्या हातात दिलं आणि ओटीचं सामान आणायला गेली. मी त्याला खेळवलं, सुनेला सासूशी काय बोलायचं ते शिकवलं, त्या मुलीचं पाठांतर घेतलं. मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणाचा असाही उपयोग! रेशनची रांग, रॉकेलची रांग, शाळेच्या प्रवेशाची रांग, जन्म रांगेत गेला आणि मी त्याला कटकट समजत होते. मला रांग आवडते गं! नुसतं पोचण्यात मला रस नाही. पोचेपर्यंत जे भेटतं ते मला हवं असतं.

तेवढ्यात मंदा हसली. "तुमचं बरं आहे. नलू असती तर एव्हाना खाली चपलांपाशी बसली असती."

"कोण बसली असती?"

"नलू हो. ती कधी रांगेत उभी राहिलीय? गर्दीत तिचा जीव घुसमटायचा. उठायची नऊला, कॉफी घ्यायची, आणि आम्ही दर्शनाला गेलो की सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायची. चपलावाल्यांशी गप्पा, फुलवाल्यांशी गप्पा. मी बाहेर आले की पहिला प्रश्न, 'देवी काय नेसली होती गं? सुलभाला सांगायचंय.'"

नले! म्हणजे चौदा वर्षं मी देवी बघितली ती मंदाच्या डोळ्यांनी?

मी पिशवीतून पुडकं काढलं. भर रांगेत. "आणि हे?"

मंदाने ते ओळखलं. तिचं हसू गेलं. "त्या दिवशी मात्र ती आली होती रांगेत," ती म्हणाली. "ही ओटी छातीशी धरून. तासभर उभी राहिली. मग घामाने डबडबली, डोळे फिरायला लागले, आम्ही धरून बाहेर काढली. मी म्हटलं, दे इकडे, मी भरते. तर देईना! म्हणाली, सुलभाने माझ्या हातात दिलीय, दुसऱ्या कुणाच्या हातून जाणार नाही. भांडली हो माझ्याशी. परत येताना बसमध्ये बोलली नाही."

रांग पुढे सरकली. मागची मुलगी म्हणाली, "आजी, चला ना."

आत गेले तेव्हा डोळे भरलेले. तिथे कुणी दोन क्षण उभं राहू देत नाही. हात जोडले, प्रसाद मिळाला, बाहेर. आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं, देवी काय नेसली होती तेच बघितलं नाही!

"लाल," मंदा म्हणाली.

"तुम्ही सांगू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की फुलवाल्या बायका बघायला लागल्या.

मी परत खाली गेले आणि पुन्हा रांगेला लागले. मंदा वैतागली. "अगो बाय, झालां मां दर्शन!" कधी नव्हे ती मालवणीवर आली. मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा तास लागला. दुसऱ्यांदा मी नीट बघितलं. गाभाऱ्यातली मधली देवी, वज्रेश्वरी, केशरी नेसली होती, नले. केशरी, हिरवा काठ! मंदाला रंगातलं काही कळत नाही. तू मला सांगितलेलं ते जांभळं कोण जाणे काय असेल!

घरी आल्यावर हे म्हणाले, "दोनदा दर्शन? एकदा माझ्या वाटचं का?" मी काही सांगितलं नाही. त्यांच्यासाठी दिलेल्या ओटीचं पुडकं माझ्या पिशवीत आहे, हे त्यांना ठाऊक नाही. देवीने ओटीशिवायच त्यांना तारलं, हे मला नऊ वर्षांनी कळतं आहे. तिचे उपकार मी तुझ्या नावावर मांडत होते.

मला का नाही सांगितलंस? हसले असते मी? काल भांडी घासताना स्वतःला खरं विचारलं. हसले नसते. पण पुढच्या वर्षीपासून नमस्कार मंदाकडे दिला असता. हे तुला ठाऊक होतं! म्हणून माझ्यासमोर चारला उठायचीस, तीन देवळं करायचीस. मीटिंगमधलं ते वाक्यही त्यासाठीच असेल! तुला मंदा बाहेर चालत होती, माझ्या दारात चालत नव्हती. मेले, तुलाही हेवा वाटत होता तर!

हे कळल्यापासून माझा थोडा कमी झालाय. सगळा गेला असं नाही. तुझ्या हातात ओटी आणि डोळे फिरलेले, तेव्हा तुला धरायला मंदा होती. मी नव्हते. ते मला अजून सहन होत नाही.

आज रविवार. सकाळी पूजा आटोपून पूर्वाच्या दारात गेले. तुझं दार मी स्वतः वाजवलं, आठ महिन्यांनी. फॉर्म भरला, माझा. उठते पाचला. एका दिवसात एकच ठिकाण. रांगेचा कंटाळा येतो का? "नाही. जेवढी लांब तेवढी बरी." पूर्वाने हसत लिहून घेतलं. ठिकाण कुठलं? कोल्हापूर. खोलीत सोबत कोण? जरा थांबले, मग म्हटलं, मंदा लिही. पण खिडकीकडची खाट माझी!

नले, आता तुला शब्द देते. नवा नारळ, नवे तांदूळ घेईन, पण खण हाच. तुझ्या कपाटातला डांबराच्या गोळ्यांचा वास त्याला येतो, येऊ दे. आधी घटकाभर चपलांपाशी बसेन, एक कॉफी पिईन, कडू लागली तरी. मग रांगेला लागेन आणि ओटी माझ्या हाताने भरेन. तुझ्या नावाचा नमस्कारही सांगेन, आणि तो पोचेल, कारण तो मी नेणार आहे. परत आले की आधी तुझ्या फोटोपुढे उभी राहीन, आणि देवी काय नेसली होती ते तुला सांगेन. खरं. मी स्वतः बघितलेलं.

तुझी, समोरच्या दारातली,
सुलभा